खिडकी नंबर दोन

रांझी, जबलपूर
६ नोव्हेंबर २००५

प्रिय रत्नाकर,

सप्रेम जयभीम. सात महिने तुला एक ओळ लिहिली नाही, त्याची माफी आधीच मागून टाकतो, म्हणजे पुढे मला मोकळेपणाने रागावता येईल. फोनवर आपण बोलतो, पण त्याला मी बोलणं म्हणत नाही. तू विचारतोस तब्येत कशी, मी म्हणतो ठीक. तू विचारतोस आईचं ऐकता ना, मी म्हणतो हो हो, रोज. मग तुझ्यामागून कोणीतरी इंग्रजीत हाक मारतं आणि तू ठेवतो म्हणतोस. फोनवर मला काहीही म्हणता येतं. कागदावर तसं जमत नाही. आठवीपर्यंत शिकलेल्या माणसाला कागदाचा धाक असतो, लिहिलेलं आपल्याच सहीने आपल्यापुढे उभं राहतं. म्हणून उशीर झाला. उशिराचं आणखी एक कारण आहे, ते पुढे येईल. आधी राग.

गेल्या नोव्हेंबरात तू आईच्या स्मृतिदिनाला आलास तेव्हा ऑफिसातून काढून टाकलेला तो कॉम्प्युटर बरोबर आणलास. मी म्हटलं मला नको, मला त्यातलं काही कळत नाही, इथे दिवसातून तीनदा लाईट जाते, एखाद्या दिवशी स्फोट झाला तर शेजारच्या बेबीताईंची भिंतही जाईल. तू ऐकलं नाहीस. तार बसवायला पेचकस पाहिजे म्हणून माझी ट्रंक उघडलीस आणि तळाशी रुमालात बांधलेली ती कॅसेट तुला सापडली. तुझ्या आईला लिहिता येत नव्हतं. गोंदियाला आपल्या बहिणीला, तुझ्या भागीरथा मावशीला, ती कॅसेटमध्ये बोलून निरोप धाडायची आणि मावशीही तशीच कॅसेट उलटी धाडायची. गोंदियाला जाणाऱ्या माणसाच्या हातात ती द्यायची एवढंच माझं काम. ही एक माझ्याकडून ट्रंकेत राहून गेली. अकरा वर्षं राहिली. त्या आठवड्यात फॅक्टरीत ऑडिट होतं, जाणारा माणूस आदल्या दिवशीच निघून गेला, मग पुढचा माणूस येईपर्यंत मी विसरलो. विसरलो म्हणजे विसरलो. माणूस विसरतो. तू माझ्याकडे असं पाहिलंस जसं मी एखादं माणूसच ट्रंकेत कोंडून ठेवलं होतं.

तू ती टेप रेकॉर्डरवर लावलीस, टेप रेकॉर्डर वायरने कॉम्प्युटरला जोडलास आणि पहिली बाजू आत भरून घेतलीस. दुसऱ्या बाजूला रेकॉर्डरने पट्टी गिळली. दोघांनी मिळून ओढून काढली तेव्हा ती शेवयांसारखी झाली होती. तू म्हणालास, बाबा, आता आई फक्त या डब्यात आहे, अकरा मिनिटं, सांभाळा. एवढं म्हणून थांबला असतास तर मी हे पत्र वेगळ्या तऱ्हेने लिहिलं असतं. पण निघताना, रिक्षा दारात उभी, बेबीताई पायरीवर उभ्या, आणि तू बॅग उचलता उचलता म्हणालास की बाबा, आई होती तेव्हा तुम्ही तिचं एक वाक्य पुरं ऐकलं नाही, आता निदान मशीनवर तरी ऐका. शेजाऱ्यांसमोर! मी बेबीताईंकडे पाहिलं तर त्या तुळशी-बिळशी काही नसलेल्या कुंडीत पाणी घालत होत्या. मी बत्तीस वर्षं संसार केला, मी ऐकलं नाही म्हणजे काय? कोण कोणाचं पूर्ण वाक्य ऐकतं? तू ऐकलंस माझं? मी कॉम्प्युटर नको म्हणालो होतो, ते ऐकलंस?

दोन महिने मी त्या डब्याला हात लावला नाही. तुझ्या आईचं जुनं हिरवं लुगडं त्याच्यावर टाकून ठेवलं. जानेवारीत एक दिवस दुपारी फार सुनं वाटलं तेव्हा काढलं. तू चिठ्ठी लिहून ठेवली होतीस: बटण कुठलं दाबायचं, माझं नाव कसं टाकायचं, काळी खिडकी कशी उघडायची आणि त्यात कुठली ओळ लिहायची. मी एकेक अक्षर शोधून ती ओळ लिहिली. पाऊण तास लागला म्हटलं तरी चालेल. आणि त्या डब्याने मला उत्तर काय दिलं? परमिशन डिनाइड. परवानगी नाही.

रत्नाकर, हे दोन शब्द मला इंग्रजीत समजावून द्यावे लागत नाहीत. एकतीस वर्षं डिफेन्स फॅक्टरीच्या फाटकावर मी ते वाचत आलो. माझ्या बापाला तर वाचताही येत नव्हते, त्याला ते गावच्या विहिरीवर काठीने समजावून दिले जायचे. तिथून निघून तो या मुलखात आला, मी फॅक्टरीत लागलो, तुला शिकवलं, कशासाठी? माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्या बायकोचा आवाज मला ऐकू द्यायला माझ्या मुलाने आणलेला पत्र्याचा डबा म्हणतो परवानगी नाही. मी त्या दिवशी जेवलो नाही. मी बेबीताईंच्या सुनेला, विनताला हाक मारली. ती कॉम्प्युटरच्या कुठल्याशा संस्थेत शिकवते, तुला ठाऊक आहे. मराठी तिला सगळी कळते, बोलते हिंदी. तिने पाहिलं आणि म्हणाली, काकाजी, नाराज मत होइए, कंप्यूटर आपको पहचानता है, बस आवाज वालों की लिस्ट में आपका नाम नहीं है. मी विचारलं, त्या यादीत नाव आहे कोणाचं? तिने काढून दाखवलं. एकच नाव होतं. तुझं.

तू आपल्या नावाने बसून आवाज ऐकवलास म्हणून ऐकू आला. मला नाव दिलंस, पासवर्ड दिलास, पण त्या यादीत घालायला विसरलास. विसरलास म्हणजे विसरलास, माणूस विसरतो, नाही का? तुझ्यासाठी ते विसरणं आणि माझ्यासाठी तो गुन्हा. अडचण आली तरच उघडा असं लिहून तू जे पाकीट ठेवलं होतंस, ज्यात सगळ्यांवरच्या साहेबाचा पासवर्ड होता, ते मी फाडलं. विनताने माझं नाव यादीत घातलं, मला डब्यातून बाहेर काढलं, नाव-पासवर्ड टाकून परत आत घेतलं. मग ओळ लिहिली तर डबा म्हणाला, ती वस्तू कामात आहे. माझा तर संतापच झाला. कोणाच्या कामात आहे? घरात मी एकटा.

तेव्हा विनताने मला समजावलं. आवाज काढणारं कार्ड आत असतं, पण गाणं वाजवणारा प्रोग्राम त्याला कधी हात लावत नाही. लावायची सोयच नाही. मध्ये कर्नेल बसलेला असतो, सगळ्या यंत्रांच्या किल्ल्या त्याच्याकडे. त्याने बाहेर एक फाईल दाखवायला ठेवलेली असते. नाव तिचं डीएसपी, जसा काही पोलिसातला साहेब. दिसायला फाईल, पण आत काही नसतं. प्रोग्रामने तिच्यात लिहिलं की कर्नेल ते घेऊन कार्डाला देतो आणि आवाज बाहेर पडतो. तिच्यातून वाचलं की कर्नेल मायक्रोफोनजवळचा आवाज आणून देतो. लिहिलं की बोलते, वाचलं की ऐकते. विनताला वाटलं मला कळणार नाही, म्हणून ती पुन्हा सांगायला लागली. मी म्हटलं, थांब पोरी, ही तर माझी खिडकी आहे.

आता तू म्हणशील बाबांचं सुरू झालं. पण तू कधी विचारलं नाहीस मी टूल रूममध्ये करत काय होतो. तुम्हा मुलांना वाटायचं बाबा फॅक्टरीत तोफा बनवतात. मी खिडकी नंबर दोनला बसायचो. कामगाराला ड्रिल पाहिजे, रिमर पाहिजे, तर तो आत येऊ शकत नाही. फोरमनही येऊ शकत नाही. जाळीच्या खिडकीत आपला पितळी बिल्ला ठेवायचा, हत्यार मागायचं. मी आतून हत्यार द्यायचो आणि त्याचा बिल्ला हत्याराच्या जागी खिळ्याला लावायचो. परत आणलं की त्याच खिडकीतून घ्यायचं, बिल्ला द्यायचा. कोणतं हत्यार कुठल्या फळीवर, हे त्याला ठाऊक असायची गरज नाही. त्याला खिडकी ठाऊक असली की झालं. ज्याचं नाव शॉपच्या यादीत नाही त्याला काही मिळायचं नाही. आणि एक हत्यार, एक बिल्ला. तुळशीराम म्हणून एक फिटर होता, तो मायक्रोमीटर घेऊन जायचा आणि माप घेऊन झालं तरी खिशात ठेवून फिरायचा. मागे चार माणसं तिष्ठत. मी म्हणायचो, तुळशीराम, तो काय तुझ्या सासऱ्याने दिला आहे? विनता हसायला लागली. म्हणाली, काकाजी, आपके कंप्यूटर में भी एक तुलसीराम बैठा है. डबा सुरू झाला की जो टिंग टिंग वाजवणारा नोकर-प्रोग्राम आपोआप सुरू होतो, त्यानेच खिडकी अडवून ठेवली होती. काम नाही, धंदा नाही, नुसता धरून बसलेला. तिने त्याला घरी पाठवलं. आता ती आपल्या क्लासमध्ये मुलांना माझी टूल रूम सांगते. माझ्या मुलाने मला ते कधी सांगितलं नाही आणि माझं कधी ऐकलं नाही. असो.

आवाज तरीही आला नाही, कारण आवाज लहानमोठा करायची खिडकी वेगळी, तिचं नाव मिक्सर, आणि तू ती शून्यावर ठेवून गेला होतास. का? पुण्याच्या गाडीची घाई असेल. विनताने ती वर केली. मी पुन्हा ओळ लिहिली. पलीकडे बेबीताईंच्या कुकरची शिट्टी झाली आणि तिच्यामागून तुझी आई बोलली.

भागी, ती म्हणाली. फोनवरून दूरच्या गावाहून बोलावं तसा बारीक, खरखरीत आवाज, पण तीच. भागी, तुझ्या पोरीचं लग्न जमलं म्हणते, मले कोणी सांगितलं नाही, मले बाजारात कळून राहिलं. मी खुर्चीचा हात धरून बसलो. ती लिंबाच्या लोणच्याचं बोलली, पाणी येत नाही त्याचं बोलली, तुझ्या दहावीचं बोलली. पोरगा सायन्स घेतो म्हणते, तिच्या मनात होतं तू वकील व्हावं. हे मला ठाऊक नव्हतं. तुला होतं? मग मधेच माझा आवाज येतो, चांगला खणखणीत, किती बोलशील, सेल संपतील. आणि ती म्हणते, तुमी चूप बसा जी, मी बोलून राहिली न. तुमाले काहून एवढी घाई? विनता हसली. मीही हसलो. मग ती पुढे म्हणते, भागी, एकदा येऊन जा. मले बरं वाटत नाही आजकाल, सांगत नाही कोणाले. तू आली की दोघी नर्मदेवर जाऊ, ग्वारीघाटावर बसू. मी वाट पाहून राहिली.

भागीरथा आली नाही. कशी येईल? निरोप माझ्या ट्रंकेत. तुझ्या आईने दोन वर्षं वाट पाहिली, मग बहिणीचं नाव घेणं सोडलं. पोरीच्या लग्नाची पत्रिका आली तर गेली नाही. म्हणाली, बहीण मोठी झाली, तिला आता माझी गरज नाही. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, बरं झालं, जाण्यायेण्याची दगदग वाचली. हे मी तुला रिक्षाजवळ सांगू शकलो नसतो. तुझं ते वाक्य मला एवढं का झोंबलं हे मलाही जानेवारीपर्यंत कळलं नव्हतं. पण म्हणून ते बोलायची ती जागा नव्हती, हे मी आजही म्हणतो.

त्या दिवसापासून मी रोज ऐकायला लागलो. दुपारचा चहा झाला की लुगडं बाजूला करायचं, तुळशीरामला घरी पाठवायचं, तुझी चिठ्ठी पाहून ओळ लिहायची आणि अकरा मिनिटं चूप बसायचं. एकदाही मध्ये बोललो नाही. लाईट गेली तर येईपर्यंत बसून राहायचो. मुंग्या आत शिरतील म्हणून टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. मार्चमध्ये मी भागीरथाला पत्र लिहिलं, सगळं लिहिलं, ट्रंकेचंही. मला वाटलं ती शिव्या देईल. तिने नातवाकडून उत्तर लिहून घेतलं की भाऊजी, झालं ते झालं, या स्मृतिदिनाला मी छोट्या लाईनच्या गाडीने येते, मले कलावतीचा आवाज ऐकवा, डोळे आहेत तोवर तुमचं घर पाहून घेते, कान आहेत तोवर तिला ऐकून घेते. सत्तावीस तारखेला स्मृतिदिन आहे. ती पंचवीसला पोचते. आज सहा.

आता उरलेलं. चौदा एप्रिलच्या आधी आपण घराला चुना देतो, तुला ठाऊक आहे. यंदा एकट्याने काय करायचं म्हणून मी बाहेरचा माणूस लावला. सामान अंगणात काढलं, परत लावलं. बाबासाहेबांच्या फोटोच्या चौकटीमागे मी तुझी चिठ्ठी खोवून ठेवली होती. फोटो परत लागला, चिठ्ठी गेली. मी त्या माणसाला बोललो, तो म्हणाला बाबूजी, कागज तो सब कूड़े में गया. मी विचार केला, जाऊ दे, तीन महिने रोज लिहितो आहे, ओळ पाठ आहे. आणि पाठ होतीच. चारच तर गोष्टी त्यात: आधी कॅट, म्हणजे उचलून दे हा हुकूम, मग तुझ्या आईची फाईल, मग जिकडे द्यायचं तिकडचा बाण, मग खिडकीचं नाव. रोज चिठ्ठीत पाहून लिहीत होतो तोवर मी विचार करत नव्हतो. त्या दिवशी विचार केला. टूल रूमच्या रजिस्टरमध्ये मी एकतीस वर्षं एकाच तऱ्हेने लिहिलं. जे खिडकीतून बाहेर जातं त्याच्या ओळीत आधी खिडकी, मग बाण, मग वस्तू. खिडकी नंबर दोन, बाण, रिमर. खिडकी नंबर दोन, बाण, मायक्रोमीटर. माझी बायको मला खिडकीतून बाहेर पाहिजे होती. मी लिहिलं, कॅट, खिडकी, बाण, आई.

आणि बघ, आता मी कशावर सगळ्यात जास्त संतापलो आहे ते. ऐकायला बसलो तेव्हा त्या डब्याने माझी जात-गोत, यादी-बिल्ला सगळं तपासलं. परवानगी नाही म्हणाला. कामात आहे म्हणाला. पण त्या दिवशी एका शब्दाने विचारलं नाही. का रे म्हाताऱ्या, नक्की का, एवढंही नाही. विनता म्हणते बाण लावला की तो आधी रिकामं करतो, मग भरतो. आधी रिकामं! असा कोणता स्टोअरकीपर असतो? माझ्या हातून एकतीस वर्षांत एक पाना इकडचा तिकडे झाला नाही, आणि झाला असता तर मी चार माणसांना विचारलं असतं. तुम्ही शिकलेल्या लोकांनी ऐकण्याच्या दारावर एवढे पहारे बसवले आणि पुसण्याच्या दारावर एकही नाही. तुलाही विचारतो, ती फाईल माझ्या नावावर ठेवताना वाचायचीच परवानगी द्यायची, लिहायची कशाला दिलीस? ती एक परवानगी तेवढी तू मला न विसरता दिलीस. ती बंद करता येते असं विनता म्हणाली. एका ओळीचं काम होतं.

मला त्या वेळी काहीच कळलं नाही. आवाज येईना. काळी खिडकी नुसती डोळा मिचकावत होती. मला वाटलं तुळशीराम परत आला. मी वाट पाहिली, मग टेबलावर हात आपटला, मग बोललो. तू जाताना मायक्रोफोन लावून गेला होतास, बाबा तुम्हीही काहीतरी भरून पाठवा म्हणाला होतास आणि मी नाही म्हणालो होतो, ते माझ्या ध्यानातही नव्हतं. दुसऱ्या दिवशी विनता आली, तिने बाण सरळ केला आणि तुझ्या आईची ती फाईल वाजवली. पंख्याची घरघर. खुर्ची करकरते. बेबीताईंचा कुकर. आणि मग माझा आवाज, आधी रागाने, मग कसा तरी, काहून बोलत नाही? बोल ना. मी चूप आहे न आता. बोल ना कलावती. चार मिनिटं तेच. विनता उठून मोरीजवळ जाऊन उभी राहिली. मी ती गोळा झालेली पट्टी बिस्किटाच्या डब्यात घालून दीक्षितपुऱ्यात श्यामसुंदर रेडिओवाल्याकडे गेलो, त्याने भिंग लावून पाहिली आणि डबा परत दिला. ती फाईल मी अजून तशीच ठेवली आहे. तिला आता हात लावत नाही. फोनवर मी रोज ऐकतो म्हणत आलो ते सात महिने खोटं होतं.

मला शब्द पाठ आहेत, सगळे, लोणच्यासकट. भागीरथा आली की मी ते तिला म्हणून दाखवू शकतो. पण तेही माझ्याच तोंडून होईल, आणि बत्तीस वर्षं तुझ्या आईच्या वतीने मीच तर बोलत होतो. विनता म्हणते की मुलाने जाण्यापूर्वी एखाद्या चकतीवर, सीडीवर, उतरवून नेलं असेल, शिकलेले लोक एक प्रत आपल्याकडे ठेवतात. मला आठवतं, त्या शेवटच्या दुपारी तू डब्यात एक चकती घातली होतीस आणि ती काढून बॅगेत ठेवली होतीस. मी विचारलं नाही ती कशाची. विचारायला हवं होतं. ती आईची होती का? असेल तर तू ती स्वतःजवळ ठेवलीस याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही, उलट तुझं ते रिक्षाजवळचं वाक्यही मी घेतो, पूर्ण ऐकून घेतो. घरातल्या मुलांच्या गाण्यांच्या चकत्यांमध्ये शोध, सूनबाईला, मनीषाला विचार, ऑफिसच्या टेबलाच्या खणात पाहा. मिळाली तर पोस्टाने पाठवू नकोस, येणाऱ्या माणसाच्या हातातही देऊ नकोस, माझा आता अशा माणसांवर विश्वास नाही. तू स्वतः घेऊन ये. आणि नसली, तर तेही कळव. पंचवीसला स्टेशनवर भागीरथा उतरेल तेव्हा मला तिला काय सांगायचं ते आधी ठाऊक पाहिजे. फोन करू नकोस, फोनवर मी पुन्हा ठीक आहे म्हणेन. दोन ओळी लिही, पण हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी लिही.

तुझाच,
बाबा